गोलकीपरचं कौतुक

९ ऑगस्ट

चि. धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते वेगळे लिहीत बसत नाही. बातमी आधी देते. तुझी ताई निवडून आली. हसू नकोस.

तुमच्या त्या मोठ्या शहरात फक्त मोठ्या क्लबांच्या बातम्या छापून येतात, त्यामुळे तुझ्या कानावर आलं नसेल. नवा नियम झाला आहे. यापुढे प्रत्येक फुटबॉल क्लबने आपल्या संचालक मंडळात समर्थकांचा एक प्रतिनिधी घ्यायचा, आणि तो समर्थकांनीच निवडायचा. मैदान, जर्सीचा रंग किंवा क्लबचं नाव यांना हात लावायचा असेल तर आधी त्या प्रतिनिधीशी विचारविनिमय करायचा. इतकी वर्षं कठड्याला टेकून घसे फोडले, तेव्हा कुठे आपल्याला एक खुर्ची मिळाली. तीही बहुधा दाराजवळची, वाऱ्याच्या झोतातली असेल.

निवडणूक स्टँडखालच्या चहाच्या खोलीत झाली. ड्रायव्हर अध्यक्षस्थानी होता, म्हणजे पालथ्या क्रेटवर. तो अजून बसच चालवतो, आणि उरलेल्या वेळात आपलं समर्थक मंडळ. मालकाने त्याचा ढोल मैदानात आणायला बंदी केली तेव्हापासून हातांना काम नाही म्हणून सारखा टेबल बडवत असतो. "मालकांसमोर जाऊन कोण बसणार?" असं त्याने विचारलं, आणि एरवी रेफरीच्या सात पिढ्या उद्धरणारी सगळी मंडळी आपापल्या बुटांकडे बघायला लागली. शेवटी बेकरीवाली म्हणाली, "ताईंना पाठवा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आहेत. माणूस खातात, पण काट्याचमच्याने."

हात वर झाले. मी नको म्हटलं, पण तू मला ओळखतोस, फार मोठ्याने म्हटलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून माझ्यावर कोणी ओरडलेलं नाही आणि मलाही हक्काने ओरडायला कोणी उरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी हा मालक क्लब विकत घेतो, आपले लाकडी बाक काढून प्लास्टिकच्या बशांसारख्या खुर्च्या बसवतो, तुझी गोलांची पाटी बंद करून त्या जागी दिव्यांचा पडदा लावतो, आणि आपल्याला कोणी काही विचारत नाही! आता विचारावं लागेल. माझ्या तोंडावर विचारावं लागेल.

पहिला सामना हरलो. गोलकीपर नवा आहे. चेंडू आला की पाहुणा आल्यासारखा अदबीने बाजूला होतो. त्याच्या जागी माझं कपाट उभं केलं असतं तर निदान अर्धे चेंडू अडले असते.

गुडघा कसा आहे?

तुझी ताई


२१ ऑगस्ट

ती. ताई,

नमस्कार. गुडघ्यामुळे वाकून करता येत नाही, उभ्याउभ्या स्वीकार.

तुझं पत्र मी लेकीला आणि जावयाला मोठ्याने वाचून दाखवलं. जावई म्हणाला, "आत्याबाईंचं अभिनंदन आणि मालकांचं सांत्वन." मुलगा चांगला आहे, पण फुटबॉल बघत नाही. घरात सगळं आहे, फक्त बोलायला माणूस नाही. मी दिवसभर अकराव्या मजल्याच्या खिडकीत बसतो. खाली गाड्या उभ्या करायची जागा आहे. एक गाडी गेली की मनात पाटी बदलतो. एक-शून्य. दोन-शून्य. माणसाने आयुष्यभर शिडीवर चढून पत्र्याचे आकडे टांगले की असंच होत असावं.

ताई, एक सांगतो, राग मानू नकोस. मी क्लबचा पगारी माणूस होतो. साहेब लोकांच्या खोलीत दिवाळं काढणारी गोष्ट कोणती असते ठाऊक आहे? त्यांचा चांगुलपणा. दार उघडून धरतात, कॉफी विचारतात, तुमच्या पाठीला उशी देतात. त्या उशीवर आपल्यातले कितीतरी जण झोपी गेले. तू झोपू नकोस.

आणि सामन्याचं वर्णन नेहमीसारखं येऊ दे. आपला क्लब खालच्या श्रेणीत, तो इथे कोणी दाखवत नाही. माझा सामना म्हणजे तुझं पत्र. गोलकीपरला शिव्या घातल्याशिवाय पाकीट बंद करू नकोस. त्या वाचल्या की मला खालून स्टँडचा आवाज येतो.

धाकटा


४ सप्टेंबर

चि. धाकट्या,

पहिली बैठक झाली. उशी खरोखरच होती. मी ती काढून शेजारी बसलेल्या क्लबच्या वकिलाच्या मांडीवर ठेवली. आम्हाला सिस्टरांनी पाठीला आधार न घेता बसायला शिकवलं आहे, त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीतून मैदान दिसतं. पण सगळे खिडकीकडे पाठ करून बसतात. मालक बोलायला मऊ आहे. बुटांना इतकी चकाकी की मला त्यांत माझी हनुवटी दिसली. मला "मॅडम" म्हणतो. पहिल्या बैठकीत समर्थकांचा मौल्यवान सल्ला कशावर घेतला, सांगू? कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावर. मी म्हटलं, "डबे कुठल्याही रंगाचे घ्या, पण गोलकीपरला त्यांतल्या एकात उभं करा." कोणी हसलं नाही. वकिलाने ते टिपून घेतलं.

एक कागद सही करायला दिला. या खोलीत जे ऐकाल ते बाहेर बोलणार नाही, पद सुटल्यावरही नाही. मी वाचला आणि सही केली. ड्रायव्हरला ते आवडलं नाही. "मग तुम्ही आत जाऊन आम्हाला काय उपयोग?" म्हणाला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी अख्खी नोकरी लोकांचं बोलणं कानावर घेत काढली. कोणाचं लग्न मोडलं, कोण दुकान विकून पळायच्या बेतात आहे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं या कानांतून गेलं. त्यातला एक शब्द या तोंडातून बाहेर पडला का? कधी पडला का? माझ्या हाताखालच्या मुलींपैकी एकीने एकदाच चुलतबहिणीला काही सांगितलं, तर तिला मी त्याच दिवशी घरी पाठवलं. गुप्तता हीच माझी अब्रू आहे. आणि बाहेर सांगायची गरजच काय? जे थांबवायचं ते मी आतच थांबवीन.

तो टेबल बडवत राहिला.

शनिवारी बरोबरी. गोलकीपर दोनदा आपल्याच बचावपटूला धडकला. देवाने त्याला दोन हात दिले ते बहुधा जांभई झाकायला. बेकरीवालीने त्याला ओरडून सांगितलं, "अरे, घरी जा, आईला काळजी वाटत असेल!"

ताई


७ ऑक्टोबर

चि. धाकट्या,

पत्राला उशीर झाला. महिन्याची बैठक झाली. ठीक झाली.

हवा चांगली आहे. मैदानावरचं गवत यंदा फार छान आलं आहे. सामना संपल्यावर मी थोडा वेळ तशीच बसून राहते. तुझी जुनी पाटी अजून तिथेच आहे, दिव्यांच्या पडद्याच्या मागे. शिडीच्या दोन पायऱ्या गेल्या आहेत. आकड्यांचे पत्रे खालच्या पेटीत आहेत, मी उघडून पाहिले. सात नंबर गंजला आहे. सात गोल आपण केले कधी म्हणा.

एकदा येऊन जा ना. एकदोन सामने बघ, माझ्याकडे राहा. गुडघ्याचं काहीतरी जमवू.

आपण जिंकलो. गोलकीपर बरा खेळला.

ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताई,

"गोलकीपर बरा खेळला." हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

बैठक "ठीक झाली" म्हणजे काय? तू आयुष्यात एखादी गोष्ट ठीक झाली असं कधी म्हणाली आहेस? माझ्या लग्नाबद्दल तू मामाला लिहिलं होतंस, "आचारी वगळता सहन होण्यासारखं." आणि आता मालकाच्या टेबलावरून उठून येतेस आणि मला हवापाणी कळवतेस.

राग मानायचा तर मान. मी उशीबद्दल सांगितलं होतं. खुर्ची मिळाली की माणसाची जीभ आधी बसते. ड्रायव्हरचा परवा फोन आला होता. म्हणाला, ताई हल्ली चहाच्या खोलीत येत नाहीत, सामना संपला की परस्पर जातात, नाहीतर एकट्याच मैदानाकडे बघत बसतात. काही विचारलं तर विषय बदलतात. स्टँडमध्ये लोक बोलायला लागले आहेत. मीही तिथलाच आहे, मलाही बोलायचा हक्क आहे. आपल्या माणसांनी तुला आत पाठवलं ते हवा खायला नाही.

आणि गुडघा घेऊन मी एवढ्या लांब यायचं, ते तू नवी मॅडम झालेली बघायला?

धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

तू म्हणतोस ते खरं असेल.

मी आत भांडते. एवढंच तुला सांगू शकते, त्यापुढे विचारू नकोस. खूप भांडते. आवाज बसतो, म्हणून चहाच्या खोलीत जात नाही. जाऊन तरी काय बोलू? ही माणसं पुढच्या वर्षीच्या गोष्टी करत असतात. कोण कुठे बसेल, बसचं आरक्षण, ड्रायव्हरच्या नातीला पहिल्यांदा आणायचं आहे. बेकरीवाली नव्या उशीचं कापड दाखवते. मला म्हणते, "तुमच्यासाठीही शिवू का, पुढच्या हंगामाला?" मी म्हटलं, शीव.

धाकट्या, हिवाळा संपायच्या आत येऊन जा. नंतर जमेल न जमेल. तुझे ते आकडे तुला हवे असतील तर सांग, मी पेटीतून आणून घरी ठेवते. कोणी मागितलं तर तू माझ्याकडे दिलेस असं सांगेन. शून्याचे पत्रे चारही शाबूत आहेत. तुला आठवतं, बाबांनी आपल्याला पहिल्यांदा आणलं तेव्हा तू शून्य बघून विचारलं होतंस, ही भाकरी कोणाची? बाबा किती हसले होते. मी हल्ली अशा गोष्टी आठवत बसते.

परवा हरलो, पण गोलकीपरचा दोष नव्हता. त्याचे हात चांगले आहेत. पोरगा मेहनती आहे.

तब्येतीला जप. रागावू नकोस. आता रागवायला दिवस थोडे आहेत.

ताई


१३ नोव्हेंबर

ती. ताई,

माझ्या मागच्या पत्रातलं सगळं विसर. मी मूर्ख आहे, हे तूच मला पहिलीत असताना सांगितलं होतंस.

तू जेवतेस ना वेळेवर? झोप लागते का? आपल्या बाबांना शेवटी शेवटी अशीच जुनी आठवण यायची, म्हणून विचारतो, दुसरं काही नाही. खोकला वगैरे? वजन कमी झालं आहे का? डॉक्टर काही म्हणाले असतील आणि तू मला त्रास नको म्हणून लपवत असशील, तर ताई, मी तुझा एकुलता एक भाऊ आहे. मला कळलं पाहिजे.

लेक तिकिटाचं बघते आहे. मी येतो. गुडघ्याला काय होतंय!

आकडे असू देत पेटीत. मी आलो की बघू.

तुझा धाकटा


२० नोव्हेंबर

धाकट्या,

चि. वगैरे आज मिळणार नाही.

काल दुपारी मी डोकं धुऊन केस वाळवत बसले होते, तोच दाराची बेल. उघडते तर दारात ड्रायव्हर, बसचा गणवेश अंगात, आणि त्याच्या मागे बॅग घेतलेला एक डॉक्टर. तोही आपल्याच स्टँडचा, खालच्या रांगेत बसून पंचाला आंधळा म्हणतो तो. ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती! मी म्हटलं, "कोण गेलं?" तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मलाच माझी शंका आली.

डॉक्टरने मला धरून बसवलं. नाडी बघितली, जीभ बघितली. जीभ बघून म्हणाला, "ही तर चांगली धारदार दिसतेय." छाती ऐकली. मग ड्रायव्हरला म्हणाला, "यांना काही झालेलं नाही. या तुम्हाला पोचवून मग जातील." फी न घेता निघून गेला.

ड्रायव्हर बसून राहिला. मी चहा टाकला. मग त्याने सगळं ओकून टाकलं. तू त्याला फोन केलास. रडलास! ताई मला शेवटचं येऊन जा म्हणते, पाटीचे आकडे घेऊन जा म्हणते, गोलकीपरचं कौतुक करते, तिचे दिवस भरले आहेत, तू जाऊन बघ. माझी खासगी पत्रं तू एका बस ड्रायव्हरला फोनवर वाचून दाखवलीस. मी एक्स्चेंजमध्ये असते तर तुझी लाइन तोडली असती.

पुढचं नीट वाच, कारण ते जसं झालं तसंच लिहिते आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात."

"दिसत नाही का?"

"मग भाऊंना शेवटचं या असं का लिहिलंत?"

मी म्हटलं, "चहा निवतोय."

टेबल बडवत होता तो हात थांबला. म्हणाला, "तुम्ही मरत नाही आहात. मग काय मरतंय, ताई?"

मी म्हटलं, "बिस्कीट घे."

तो उठला. टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, "तुम्ही मला काही सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "नाही सांगितलं." आणि गेला. चहा तसाच टाकून. तो माणूस कधी चहा टाकत नाही.

मी एक शब्द बोलले नाही, धाकट्या. हे तू ध्यानात ठेव, कारण उद्या कोणी विचारलं तर मला साक्षीदार लागेल. आणि आता मला काही विचारू नकोस. मी केस वाळवत बसणार आहे.

ताई


९ डिसेंबर

चि. धाकट्या,

आता सगळीकडे छापून आलं आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. जे छापलं तेवढंच लिहीन, आणि माझ्यावर जे गुदरलं ते. ते माझं स्वतःचं आहे.

मैदान विकायचं ठरत होतं. त्या जागी दुकानं आणि वर फ्लॅट. क्लब शहराबाहेर कुठल्याशा भाड्याच्या मैदानावर जाणार, जिथे ड्रायव्हरचीही बस जात नाही. ड्रायव्हर माझ्याकडून निघाला तो थेट नगरपालिकेच्या नकाशांच्या खोलीत गेला आणि दोन दिवसांत त्याला कळलं. शुक्रवारी क्लबच्या फाटकावर चादर झळकली: "आमच्या पायाखालची जमीन आम्हाला विचारून विका."

सोमवारी मला बोलावणं. मालक या वेळी मॅडम म्हणाला नाही. "बाहेर कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "चौकशी करा. मी सांगितलं असेल तर मला फाटकावर त्या चादरीशेजारी टांगा." संताप संताप झाला. माझ्या सबंध आयुष्यात माझ्यावर हा आरोप कोणी केला नव्हता. वकील म्हणाला, "राहू द्या, त्याने आता काही फरक पडत नाही. कायद्याची आतापर्यंतची अट पूर्ण झालेली आहे." आणि त्याने वाचून दाखवलं: समर्थकांच्या प्रतिनिधींशी दोन बैठकांत विचारविनिमय झाला, त्या उपस्थित होत्या.

मी म्हटलं, "मी दोन्ही बैठकांत विरोध केला. घसा बसेपर्यंत केला."

"होय," तो म्हणाला, "तुम्हाला मत नसतं ना. विरोधाची नोंद करायची पद्धत नाही. उपस्थितीची आहे."

धाकट्या, मी पाठ ताठ करून बसले होते. तशीच बसून राहिले. तुझी उशी मला तेव्हा दिसली. ती त्यांनी माझ्या पाठीला लावली नव्हती. ती मी होते. मला वाटत होतं मी आत भांडते आहे, आणि ते नुसतं मी आले की नाही तेवढं बघत होते. मी जितक्या वेळा भांडायला गेले, तितक्या वेळा आपल्या माणसांनी होकार दिला. मी घरी राहून पाय पसरून झोपले असते तर क्लबचं जास्त भलं झालं असतं.

मी वकिलाला विचारलं, "शेवटची बैठक अजून व्हायची आहे ना?" म्हणाला, हो, जानेवारीत, सह्यांची. "तिथेही प्रतिनिधी लागतो?" तो जरा थांबला. हो म्हणाला. मी त्याच्याच पेनने राजीनामा लिहिला. अक्षर चांगलं आलं. सिस्टर खूश झाल्या असत्या.

मग चहाच्या खोलीत गेले. सगळे जमले होते. उभं राहायला जागा नव्हती, पण माझ्याभोवती जागा होती. मी म्हटलं, "मी राजीनामा दिला. आत काय झालं ते मी सांगणार नाही. शब्द दिला आहे."

बेकरीवाली उठली. तिच्याइतकी मऊ बाई स्टँडमध्ये दुसरी नाही. म्हणाली, "दोन महिने तुम्ही माझ्या मांडीला मांडी लावून बसलात. मी उशी शिवू का विचारलं, तर शीव म्हणालात. तुम्हाला ठाऊक होतं तिथे बसायला जागाच नसणार. शब्द त्यांना दिलात. आम्हाला काय दिलंत?"

बरोबर ऐकवलं तिने मला. मला. तू कल्पना कर.

ड्रायव्हर क्रेटवर चढला. "मागचं राहू दे," तो म्हणाला. "ताई, आत काय झालं ते नका सांगू. एवढंच सांगा, तुमच्या जागी आम्ही कोणाला पाठवायचं?"

हे मात्र मला सांगता येत होतं. मी म्हटलं, "कोणालाच नाही."

कोणाला काही कळेना. एक जण म्हणाला, "एवढं भांडून खुर्ची मिळवली, ती रिकामी ठेवायची?" मी म्हटलं, "नियम घरी जाऊन पुन्हा वाचा. प्रतिनिधी आपणच निवडायचा. आपण निवडला नाही तर तो नाही. तो नाही तर विचारविनिमय नाही. आणि विचारविनिमय नाही तर..." तिथे मी थांबले. पुढचं वाक्य आतलं होतं.

ड्रायव्हरने क्रेट बडवायला सुरुवात केली. हळूहळू सगळे बडवायला लागले. बेकरीवाली तेवढी निघून गेली.

मी दमले आहे. जिंकल्यासारखं वाटत नाही.

ताई


१८ डिसेंबर

ती. ताई,

तू मरत नाहीस हे कळल्यावर लेकीने विचारलं, "मग तिकीट रद्द करू?" मी म्हटलं, एप्रिलचं कर. हंगामाचा शेवटचा सामना बघायचा आहे.

फोनवर रडलो ते जरा जास्त झालं, कबूल. पण ताई, तू मला नीट शिव्या दिल्या असत्यास तर माझी एवढी फजिती झाली नसती. तुझं गोड बोलणं वाचून माझी झोप उडाली होती. अकराव्या मजल्यावर तुझ्यासाठी मी काय काय नवस बोललो ते सांगत नाही, ते आता फेडत बसावे लागतील.

तू म्हणतेस एक शब्द बोलली नाहीस. खरं आहे. तुझ्या आतलं मला कधीच कळलं नाही, पण न बोलणं मात्र तुला जमत नाही. ते तुझ्या अंगावर दिसतं, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं.

बेकरीवालीचं वाईट वाटलं. ती बरोबर आहे. तूही बरोबर आहेस. अशा वेळी पाटीवर काय लावायचं, हे मला क्लबने कधी शिकवलं नाही.

शिडीच्या पायऱ्या ड्रायव्हरकडून दुरुस्त करून घे. मी चढणार नाही, बाकीच्यांना चढवीन.

धाकटा


२ मार्च

चि. धाकट्या,

उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं घडत नव्हतं, नुसती पत्रं येत-जात होती. मालकाची नियम करणाऱ्यांना, नियम करणाऱ्यांची आम्हाला, आमची सगळ्यांना. त्याने आपल्या पुतण्याला समर्थक म्हणून बसवायचा प्रयत्न केला, पण स्टँडने निवडलेला नाही म्हणून ते फिसकटलं. खुर्ची रिकामी आहे. जानेवारीची बैठक झाली नाही, फेब्रुवारीचीही नाही. ज्याला जमीन घ्यायची होती तो कंटाळून दुसरीकडे बघतो आहे म्हणतात. पुढचा हंगाम इथेच, असं काल फाटकावर लागलं. त्यापुढचं कोणी बोलत नाही.

नियम करणाऱ्यांचं उत्तर आलं: प्रतिनिधीला मत असावं आणि त्याने स्टँडसमोर उघड हिशेब द्यावा, ही आपली मागणी "विचाराधीन" आहे. म्हणजे आपल्या नातवंडांच्या वेळी. शिवाय रिकाम्या खुर्चीची ही फटही ते बुजवतील. आता सगळ्यांना कळलं आहे. एकदा चाललं, पुन्हा चालणार नाही. ड्रायव्हर म्हणतो तेव्हाचं तेव्हा बघू. तो माणूस थकत नाही. मी थकते.

बेकरीवाली अजून बोलत नाही. जागा मात्र तिने बदलली नाही. माझ्या शेजारीच बसते, समोर बघत. तिच्या खाली नवी उशी असते, माझ्या खाली प्लास्टिक.

कालचा सामना ऐक. शेवटची पाच मिनिटं, एक-एक. त्यांच्या बचावपटूने कंटाळून चेंडू नुसता लांब मारला. शाळेतल्या मुलीने अडवला असता. तुझा लाडका गोलकीपर, तो मेहनती, चांगल्या हातांचा पोरगा, पुढे आला, थांबला, आकाशात काहीतरी बघितलं, आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून निवांत आत गेला. त्याने मागे वळून जाळीकडे असं पाहिलं, जणू तिनेच काहीतरी चूक केली आहे. गाढव! देवाने डोकं दिलं ते केस कापायला! कपाट म्हटलं होतं मी याला, कपाटाची माफी मागते!

मी उभी राहून ओरडले. शेजारून त्याच क्षणी, अक्षरशः तीच शिवी, तितक्याच मोठ्याने. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती खाली बसली, आणि उशी अर्धी माझ्याकडे सरकवली.

एप्रिलमध्ये ये, किंवा नाही जमलं तर पुढच्या हंगामात ये. घाई नाही. गुडघा सांभाळ.

ताई